हेल्पलाइनची परीक्षा

म्हैसूरच्या एका कॉलेजात ऑनलाइन वर्गांचा सर्व्हर दहा वर्षं वासुदेवरावच सांभाळत आले होते. आता तो जवळच्याच हिनकलमधल्या एका कंपनीच्या हवाली करावा, असं ट्रस्टींचं म्हणणं. वासुदेवरावांना दुखवणं प्राचार्य कृष्णवेणीबाईंच्या जिवावर आलं होतं, पण आजच्या मीटिंगमध्ये काय ते ठरवायचंच होतं.

"आमची हेल्पलाइन आत्ताच लावून बघा ना, मॅडम," कंपनीचे साहेब छाती फुगवून म्हणाले.

बाईंनी स्पीकरवर फोन लावला. "परीक्षा चाललीय आणि मुलांचे पेपर सबमिटच होईनात. काय करू?"

"एक मिनिट हं, मॅडम. आमच्या तज्ज्ञांना विचारते," पलीकडची मुलगी म्हणाली आणि फोनवर संगीत सुरू झालं.

तेवढ्यात मीटिंगमध्येच बसलेल्या वासुदेवरावांचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून तेही स्पीकरवरच बोलत.

"अप्पा, मी चंदना. परीक्षेत पेपर सबमिट होईनात, तर आधी काय बघायचं?"

"डिस्क भरली असेल, पुट्टी," वासुदेवराव लाडक्या लेकीला म्हणाले. "जुन्या फायली काढायला सांग."

बाईंच्या फोनवरचं संगीत थांबलं. "मॅडम, डिस्क भरली असेल. जुन्या फायली काढा."

सगळी मीटिंग खो खो हसत सुटली. कृष्णवेणीबाई डोळे पुसत साहेबांना म्हणाल्या, "हेल्पलाइन फार छान आहे हो तुमची! दहा वर्षं आम्ही तीच वापरतोय."