दिवेलागणीच्या शेंगा

अनुजा मॅडमनी प्रीतीच्या दंडावरचा रबरी पट्टा सोडला, तरी प्रीतीचे प्रश्न सुटायचं नाव घेईनात.

रक्त तर लाल, मग त्यातली जनुकांची अक्षरं कुठल्या रंगाची? आणि चारच अक्षरं असतील तर एवढं मोठं माणूस त्यात मावतं कसं? वाचताना मधली एखादी ओळ सुटली तर? मॅडम पुण्याच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या आणि दुपारपासून कसबा बावड्यातल्या या अंगणात घरभराचं रक्त काढत बसल्या होत्या. तरी त्यांनी एकेका प्रश्नाला हसत उत्तर दिलं. अक्षरांना रंग नसतो, यंत्राला वाचता यावीत म्हणून आम्हीच तो लावतो. अक्षरं चारच, पण ओळ फार लांब. आणि सुटू नये म्हणून पुन्हा पुन्हा वाचतो.

"अगं, बस की आता. च्या तरी पिऊ दे त्यांना," आई, शालन, म्हणाली. पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळाल्यापासून नववीतल्या प्रीतीला थांबवणं घरात कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं.

बर्फाच्या डब्यात दोन कप्पे होते. एकात प्रीतीचे वडील नागसेन आणि गगनबावड्याहून मुद्दाम आलेली आत्या झुंबरबाई यांच्या नळ्या. दोघांना आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग दिवसाचं. दुसरा कप्पा बऱ्या डोळ्यांचा. त्यात काकाची, काकाच्या मुलीची, अक्षताची, आणि आता प्रीतीची नळी. ज्यांची तक्रार होती त्यांचे डोळे मॅडमनी यंत्र लावून तपासले होते. पोरींना मात्र नुसतं विचारलं होतं, आणि उत्तर नागसेननंच देऊन टाकलं होतं.

"माझ्यापाशी थांबलं बघा ते दुखणं. पोरगी रोज पहिली येती."

कशात पहिली, ते शालननं सांगितलं. रोज दिवेलागणीला नागसेन सुपातल्या मूठभर शेंगा अंगणात उधळायचा आणि पोरी वेचायच्या. प्रीतीएवढा असताना त्याचं स्वतःचं दुखणं पहिल्यांदा असंच शेंगा वेचताना ध्यानात आलं होतं. घरात याला खेळ म्हणायचे. वेचलेल्या शेंगा तो हातानं चाचपून बघायचा, आणि प्रीतीचीच ओंजळ कायम जड निघायची. ही चप्पल काढून पैलवानासारखी आखाड्यात उतरती, मी हरणारच की, असं अक्षता म्हणाली आणि सगळे हसले.

प्रीती हसली नाही. ती डब्याकडं बघत होती. बऱ्या डोळ्यांचं रक्त तुम्हाला कशाला लागतं, असं तिनं विचारलं.

शेजारी शेजारी ठेवून वाचायला, मॅडम म्हणाल्या. डोळे गेलेल्या सगळ्यांत जे अक्षर बदललेलं आहे आणि बऱ्या डोळ्यांच्या माणसांत बदललेलं नाही, त्याच्यावर संशय धरायचा.

"आणि एखादी नळी भलत्याच कप्प्यात गेली तर?"

"तर खरं अक्षर आमच्या समोर असेल आणि आम्ही तेच सोडून देऊ. बऱ्या माणसातही आहे, म्हणजे हे नव्हे, असं समजून."

"मग?"

"मग भलतीकडंच शोधत बसू. कितीतरी वर्षं."

लोडशेडिंगची वेळ झाली आणि बल्ब गेला. उंबऱ्यावरचा उजेड गेला तसं अंगणही गेलं. शालन काडीपेटी आणायला आत वळली. नागसेन खाटेवर बसला होता, मघाचंच हसू तोंडावर असणार. रोज शेंगा चाचपताना यायचं ते. प्रीतीला ते फार आवडायचं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी नळी पप्पांच्या शेजारी ठेवा."

शालन काडीपेटी घेऊन दारातच थांबली. "काय बडबडतीयास? रोज पहिली येतीस न्हवं?"

"मी डोळ्यानं न्हाय वेचत, आई. पायानं वेचतो. अनवाणी पाय घासत चाललं की शेंग लागती. सहावीपासनं तसंच करतोय मी."

मॅडमचा हात डब्याकडं गेला आणि मध्येच थांबला. त्या नागसेनकडं बघत होत्या.

"दिवा लावू नगं, शालन," नागसेन म्हणाला. त्यानं खाटेखालचं सूप चाचपून घेतलं, मूठ भरली आणि उधळली. शेंगा टपटपत अंगणभर गेल्या. प्रीतीनं सवयीनं चपला काढल्या.

"घालून जा."

ती जागीच थबकली. "तुम्हाला ठाऊक होतं, पप्पा?"

"अक्षीचा पाय उचलतोय, तुझा घासतोय. ऐकू येतंय की मला." सूप पुन्हा खाटेखाली सारत तो म्हणाला, "पण शेंगा जास्त भरायच्या. म्हटलं, दिसत असंल."

प्रीतीनं चपला घातल्या आणि पायरी उतरली. डोळे ताणून ती अंधारात वाकली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, एक पाऊल टाकलं. मागं मॅडमनी पिशवीतून डोळे तपासायचं यंत्र पुन्हा बाहेर काढलं.

चपलेखाली कुडकन शेंग फुटली. सगळ्यांना ऐकू आली.

"मॅडम," अंधारातून प्रीतीचा आवाज आला, "माझं अक्षर पप्पांच्यासारखंच बदललेलं असंल, का जरा येगळं?"

नागसेननं हात लांब केला. बर्फाचा डबा त्याला सापडला. त्यानं झाकण उघडलं आणि मॅडमपुढं तसंच धरून ठेवलं.