आधी भाऊ, मग बहीण, मग बोट

"हा आवाज नकली आहे," जयगडच्या करार केंद्रातले खातू साहेब म्हणाले. "यंत्राने पुन्हा नाकारलाय."

"घशाचं ऑपरेशन झालंय बाबांचं! आवाज बदलणारच ना?" नीलमने टेबलावर हात आपटला.

आशिया-युरोप करार झाल्यापासून पासपोर्ट बंद झाले होते. आवाज हीच माणसाची ओळख. म्हणून जहाजावर खलाशी असलेले तिचे बाबा युरोपातल्या एका बंदरात अडकून पडले होते.

"मला त्यांना एक प्रश्न विचारू द्या. घरच्यांना तो हक्क आहे."

"विचार. पण नकली आवाजांना घरातलं सगळं पाठ असतं, पोरी."

पडद्यावर तिकडच्या अधिकारी बाई भाषांतर ऐकत बसल्या होत्या. नीलमने माईक ओढला. "बाबा, ओळखा कोण बोलतंय!"

घोगरा आवाज आला, "ए संज्या... विने... जयलक्ष्मी... थांब थांब, नीलम!"

"जयलक्ष्मी कोण?" बाईंनी विचारलं.

"आमची बोट. बाबांचं कायम असंच. आधी भाऊ, मग बहीण, मग बोट, आणि शेवटी मी. नकली बाबाला माझं नाव पहिल्या झटक्यात आलं असतं."

बाई हसायला लागल्या. "माझी आई मला आधी कुत्र्याच्या नावाने हाक मारते," म्हणाल्या आणि त्यांनी मंजुरी दिली.

पण मंजुरी दोन्हीकडची लागायची. नीलम खातू साहेबांकडे रोखून बघत राहिली. शेवटी त्यांनीही बटण दाबलं.

"बाबा, लवकर या!"

"येतो गं, विने."

या वेळी नीलमने त्यांना सुधारलं नाही.