तपासणीपुरती पुस्तकं

साहेब, पुस्तकं मोजायला तुम्ही दरवर्षी न चुकता येता, पण ती कुणी वाचली का, हे तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही. एखादं फाटलं-हरवलं तर तुमच्यापुढं जाब द्यावा लागेल, या धास्तीनं सुरतेतल्या एका मराठी शाळेच्या शिक्षिका शैलजाबेन गोष्टींची पुस्तकं वर्षभर कुलपात ठेवायच्या. तुमच्या तपासणीला तेवढी ती पोरांच्या हातात यायची.

यंदाही तुम्ही फोटो काढलेत, "सरस, बेन, सरस!" म्हणालात आणि गाडीत बसलात. बेन लगेच पुस्तकं गोळा करायला लागल्या. चौथीतली दिपाली मात्र दोन भांडकुदळ मैत्रिणींच्या गोष्टीत तोंड खुपसून खुदुखुदु हसत होती.

"आण गं इकडं, गेले साहेब!" म्हणत बेननी पुस्तक ओढलं. दिपालीनं ते सोडलं नाही.

"बेन, मागच्या तपासणीलाबी तुम्ही ह्याच पानावर ओढून घेतलं होतं. तवापासून मी विचारच करून राहिली."

बेनची मान खाली गेली. त्यांनी ते पुस्तक कधी उघडलंच नव्हतं.



"सांगा ना बेन, त्या दोघींची कट्टी सुटली का नाही?"