चुन्याखालची नावं

"काय डॉक्टर, पेशंट गेला का?" परांचीवरून मुनियांडीने विचारलं.

जुन्या भिंती जतन करणारी सिउ गेक हसली नाही. तिच्या पात्याखाली चुन्याचा ढलपा सुटला होता आणि त्याच्यासोबत भिंतीचा गिलावाही. पिनांगसमोरच्या या बेटावर बोटीतून उतरलेल्या मजुरांना तपासणीसाठी कोंडून ठेवत. त्या इमारतीतली ही मधली भिंत. इमारत वारसा यादीत होती. ही भिंत नव्हती. तिच्यावर कोळशाने लिहिलेली नावं चुन्याखाली इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पुसट दिसत होती. शुक्रवारपर्यंत ती वाचता आली नाहीत, तर भिंत पाडून तिथे तिकीटघर होणार होतं.

नावांना हात लावण्याआधी तिने कोऱ्या जागी पाच चाचण्या घेतल्या. पाचही ठिकाणी चुना गिलाव्यासकट आला.

"कुठल्या गाढवाने मारलाय हा चुना, अंकल?"

साठी उलटलेला गवंडी मुनियांडी सावकाश खाली उतरला.

"माझ्या बापाने."

तिने पातं खाली ठेवलं.

"साहेबाचा हुकूम असायचा. लोक नावं लिहायचे, बाप दर वर्षी पांढरं करायचा. आजवर कुणाला सांगितलं नाही मी. काय सांगणार?" तो उगाच हसला. "चुन्याच्या दिवसांत भुतासारखा भुकेला घरी यायचा. आई डबाभर पेज द्यायची. डबा रिकामा आणि पोटही रिकामं! ‘कावळ्यांना घातलीत का?’ म्हणून आई रोज भांडायची."

आता सहावी चाचणी. ती नावावरच घ्यावी लागणार होती.

"तुम्ही बघू नका, अंकल."

"बघतो. बापाचं काम आहे."

तिने श्वास रोखून पातं टेकवलं. चुना कांद्याच्या पापुद्र्यासारखा अलगद सुटला. खाली काळंभोर, अख्खं नाव होतं. अक्षरं तमिळ होती.

"काळियम्माळ," मुनियांडीने वाचलं.

शेजारचं चिनी नावही तसंच निघालं. ते तिने वाचलं. मग तिसरं.

ढलप्याच्या पाठीवर पातळ, चकचकीत थर होता. सिउ गेकने त्यावर आधी चुन्याचा परिणाम घालवायला आम्लाचा थेंब टाकला, मग आयोडीनचा. डाग गडद निळा झाला. दुसऱ्या ढलप्यावर निळा. तिसऱ्यावरही. कोऱ्या जागेचे पाचही ढलपे तिने तसेच तपासले. ते पिवळेच राहिले.

"पिष्ट आहे. भाताचं असणार," ती हळूच म्हणाली. "चुना मारायच्या आधी कुणीतरी फक्त नावांवर फासलंय. चुना धरू नये म्हणून. पण चुन्याच्या कामावर भात कोण आणेल?"

मुनियांडीने निळा डाग पडलेला ढलपा तळहातावर घेतला.

"म्हणजे कावळ्यांना नव्हता घालत," तो म्हणाला.