वाहतं पाणी

"मावशी, जरा इकडे या. यातलं कोणतं घेऊ?" प्राजक्ताने मोबाइल पुढे धरला.

पंचफुला ओले हात पदराला पुसत आली. दोन वर्षं झाली, अमरावतीच्या या फ्लॅटमध्ये ती सकाळी आठ ते चार स्वयंपाक, धुणं, भांडी, फरशी करत होती.

मोबाइलवर मांजरांसाठीची पाण्याची दोन कारंजी होती. एक गुलाबी प्लास्टिकचं, फुलासारखं. दुसरं स्टीलचं.

"स्टीलचं घ्या. प्लास्टिक बुळबुळीत होते. घासनं मलेच हाय."

"आणि आवाजही कमी आहे म्हणे याचा. नाहीतर बर्फी घाबरायची." बर्फी सोफ्यावर मान टाकून पडली होती. "काल डॉक्टर केवढे रागावले माझ्यावर! हिला लघवीला जळजळ होतेय आणि तुमच्या लक्षात कसं आलं नाही म्हणे. वाटीतलं पाणी पीतच नाही ना ही. वाहतंच लागतं. मुकं जनावर, सांगणार कोणाला?"

पंचफुला जागची हलली नाही.

"मी बी नाही पेत, ताई."

"काय?"

"पानी. घरून निघाली का चार वाजेपर्यंत घोट नाही. या उन्हाळ्यात दोनदा दवाखान्यात गेली. मले बी जळजळच होती."

"अहो, पण का? घरात पाणी कमी आहे का? मी कधी नाही म्हटलंय?"

"पानी देता तुमी. मंग जाऊ कुठं?"

"खाली वॉचमनचं बाथरूम आहे ना..."

"त्याले कडी नाही. अन् तो दारासमोरच खुर्ची टाकून बसते."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगतलं होतं. पहिल्याच आठवड्यात. तुमी म्हनल्या, सासूबाईले चालत नाही." पंचफुलाचा आवाज चढला. "सासूबाईले जाऊन दीड वर्ष झालं. या घरात तीन बाथरूम हायत, तिन्ही मी घासतो."

"बरं, चिडू नका. मी संध्याकाळी यांच्याशी बोलते."

पंचफुला वळली आणि सरळ आतल्या खोलीतल्या बाथरूमकडे चालू लागली.

"मावशी, तिकडे नको! ते आमचं—"

आतून कडी लागली. प्राजक्ता दारापर्यंत गेली, ठोठावायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आत पाणी पडत राहिलं. पंचफुलाला घाई नव्हती.

बाहेर आल्यावर तिने फ्रिज उघडला. बाटली तोंडाला लावली आणि तिथेच उभी राहून अर्धी संपवली. मग झाकण घट्ट लावलं.

"आता तासाभरानं परत जाईन," ती म्हणाली.