गजाचे केस

"पुन्हा," भूपेश सर म्हणाले.

माधवीनं गज उचलला, चेलोच्या सगळ्यात जाड तारेवर टेकवला आणि ओढला. आवाज आला नाही.

"पुन्हा."

माधवीनं गज उचलला. टेकवला. ओढला. ओल्या फरशीवरून चप्पल सटकावी तसा तो तारेवरून सटकला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली माडीवरची खोली. खाली जीन्स शिवणाऱ्या मशिनी चालू होत्या. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"पुन्हा, बेटा. खालचे मशीनवाले माझ्याकडे शिकत नाहीत, तरी त्यांचं बघ कसं एका सुरात चाललंय."

माधवीनं गज उच

"हात सीधा! सीधा म्हणजे सीधा!"

लला.

मागच्या वेळी सरांनी सांगून टाकलं होतं: गज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा तरी सरळ गेला पाहिजे. पुढच्या वेळी जमलं नाही तर मग येऊ नकोस, माझा वेळ फुकट नको आणि तुझा पण नको. सगळं आयुष्य रेकॉर्डिंगमध्ये वाजवण्यात गेलेला माणूस. उगाच धमकी द्यायचा नाही. माधवीचा गज निम्म्यावर आला की वाकडा व्हायचा. का, तेही तिला ठाऊक होतं. निम्म्यावर किरकिर सुरू व्हायची, आणि किरकिर सुरू झाली की बुवापाड्यातल्या घरात भिंतीपलीकडून सासूबाई खोकायच्या. इथे सासूबाई नव्हत्या. पण कोपराला ते कोण सांगणार?

आज तर किरकिरसुद्धा नव्हती.

"राळ लावली?"

"लावली, सर." लावली होती. आज राळेचा खडा गजाच्या केसांवरून नुसताच घसरला होता, पण ते सांगायची हिंमत झाली नव्हती.

सरांनी गज ओढून घेतला. खिडकीपाशी नेला. केस बोटानं चाचपले, नाकाशी धरले. मग चेलोकडे बघितलं. त्याच्या कपाळावर, म्हणजे माणूस असता तर जिथे कपाळ असतं तिथे, हळदकुंकवाची बोटं होती.

"काल दसरा होता," माधवी म्हणाली.

"ते ठीक आहे. माझ्यावाल्याला पण लावलंय. लेकिन याला खोबऱ्याचा वास का येतो?"

माधवीनं फोन काढला. सासूबाईंना लावला आणि स्पीकरवर टाकून समोरच्या स्टुलावर ठेवला.

"आई, चेलोच्या काठीला काही लावलंत का तुम्ही?"

"लावलं ना. केस धुतले तिचे." गयाबाईंचा आवाज खोलीभर झाला. "शिकेकाईनं. काय तो कोंडा गं, माधवे! हात लावला की पांढरं पीठ पडत होतं. घोड्याचे का असेनात, केसच ना ते? पूजेला काय तसंच भुरकट मांडायचं? धुतले, सावलीत वाळवले, तेल चोळलं. कोयत्याला लावलं, शिलाई मशीनला लावलं, मग त्यालाच का उपाशी ठेवू?"

सर गज बाजूला टाकून खाटेवर बसले.

"आजी," ते म्हणाले, "वो कोंडा नाही, राळ आहे! ती तार पकडते! आता सगळे केस बदलायचे! इथे कोण बदलून देणार?"

"हे कोण?"

"सर आहेत," माधवी म्हणाली.

"नमस्कार मास्तर. तुम्हीच होय ते? मग तुम्हाला कळू नये? पोरीला इतकं शिकवता, तेल घालायचं तेवढं शिकवलं नाहीत. रोज किरकिर, रोज किरकिर. दाराची बिजागरी किरकिरली तरी माणूस दोन थेंब सोडतो."

सर सिंधीत काहीतरी पुटपुटले. ते उठले आणि कोपऱ्यातली चेलोची खोळ उचलून आणली. झाली शिकवणी.

"मग, गेली का किरकिर?" फोननं विचारलं.

"गेली!" माधवी ओरडली. "आवाजच गेला, आई! सगळंच गेलं!"

"वाजव बघू."

"आई, त्यात आता काही"

"वाजव म्हणते ना. मी ऐकते."

त्या घरात या वाद्याच्या वाट्याला आजवर एकच शब्द आला होता: आवर. माधवीनं फोनकडे बघितलं. मग सरांच्या हातातल्या खोळीकडे. दोघांचाही इतका राग आला होता तिला की गज सरांच्या खाटेवरून तिनं जवळजवळ हिसकावलाच. तारेवर टेकवला. ओढला.

काही नाही. निम्म्यावर आला. काही नाही. किरकिर नाही, खोकला नाही. गज आपला चाललाय, चाललाय, पार शेवटच्या टोकापर्यंत सरळ गेला, आणि तिथून तिनं तो तसाच परत आणला.

सर खोळीची चेन धरून उभे होते. ते गजाकडे बघतच नव्हते. तिच्या कोपराकडे बघत होते.

"हां," फोनमधून आलं. "आता कसं शांत वाजतंय."

सरांनी खोळ खाटेवर टाकली. स्टूल पायानं जवळ ओढलं, त्यावरचा फोन उचलून स्टुलावर बसले. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"थांबलीस का?" गयाबाई म्हणाल्या. "पुन्हा."