वसुलीवाले भाऊजी

कर्जाच्या वसुलीला आलेला माणूस पहिल्यांदा दारात गरजला, तेव्हा वहिनी कडेवर रडकी लेक घेऊन एका हाताने कपडे पिळत होत्या. "ओरडताय काय भाऊजी, जरा हिला धरा!" म्हणत त्यांनी लेक त्याच्याकडे दिली. ती तिथेच झोपली. मग दर महिन्याला तो यायचा, दमात घ्यायचा आणि बोलता बोलता लसूण सोलायचा. गळका नळही त्यानेच फुकटात दुरुस्त केला.

वर्षभर पोटाला चिमटा काढून वहिनींनी शेवटचा हप्ता जमवला. त्यांनी मोठ्या ऐटीत नोटा पुढे केल्या, तर हा घेईचना.

"एवढा एक हप्ता थकवा ना, वहिनी."

"अहो, दंड लागेल!"

"दंड मी भरतो."